विदर्भाचा आवाज कबाडीच्या गाड्यावर नको

गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात पळसाच्या, बोरीच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात. किड्याच्या स्रावाचा खरबरीत, तांबूस थर फांदीभोवती चढला की काड्या तोडतात, थर खरवडतात, कुटतात, धुतात. उरलेला दाणेदार माल कापडाच्या लांबच लांब पिशवीत भरून भट्टीसमोर धरायचा, पिशवीला पीळ देत जायचं आणि बाहेर झिरपणारी लाख गरम असतानाच ताणून तिचा पातळ पत्रा करायचा, ही जुनी रीत. त्या पत्र्याला चपडा म्हणतात. लाकडाला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला तो ठाऊक असतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत जगभर ग्रामोफोनवर ज्या तबकड्या वाजल्या, त्यांतल्या बहुतेक याच चपड्याच्या जोरावर उभ्या होत्या. दगडाची भुकटी, काजळी, थोडा तंतू आणि या सगळ्याला धरून ठेवणारी लाख. जगाला लाख पुरवण्यात भारत सगळ्यांच्या पुढे होता आणि नागपूर ज्याची राजधानी होती तो मध्य प्रांत लाख पिकवणाऱ्या मुलखांपैकी एक होता. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावरची वाहतूक अडली तेव्हा अमेरिकेच्या सरकारने १९४२ साली तबकड्यांसाठी मिळणाऱ्या लाखेत मोठी कपात केली. कंपन्यांनी मग लोकांकडच्या जुन्या तबकड्या परत घेतल्या आणि त्या दळून नव्या काढल्या.

तबकडीशी विदर्भाचं नातं असं झाडाच्या फांदीपासून सुरू होतं. पुढे त्या तबकडीवर विदर्भाचा आवाजही चढला, आणि आज काळजी त्या आवाजाची आहे.

तबकडी पुन्हा चलनात आली आहे. अमेरिकेत २०२२ साली व्हाइनलच्या तबकड्या नगांच्या हिशेबात सीडींपेक्षा जास्त खपल्या, चार कोटींच्या वर. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडे कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातलं काम थांबल्यावर कित्येक वर्षं देशात तबकड्या काढणारा कारखानाच उरला नव्हता. २०२४ साली मुंबईत तो नव्याने उभा राहिला. नव्या एलपीसाठी काही हजार रुपये मोजणारी, घरपोच टर्नटेबल मागवणारी तरुण मुलं नागपुरातही आहेत. त्यांचं स्वागत व्हायला हवं, कारण सुई तबकडीवर टेकवून वीस मिनिटं एका जागी बसून गाणं ऐकण्याची सवय ज्याला लागली, तो पुढे आजोबांच्या पेटीतही डोकावतो.

खरा प्रश्न त्या पेटीचा आहे. महाल, इतवारी, धंतोली, रामदासपेठ इथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर तीस-चाळीस वर्षं हात न लागलेल्या तबकड्या आहेत. घर पाडून फ्लॅट स्कीम उभी राहायची वेळ आली की सामान उतरतं. पितळेच्या भांड्यांना भाव मिळतो, सागवानी कपाटाला गिऱ्हाईक मिळतं आणि तबकड्या किलोच्या हिशेबात कबाडीकडे जातात. त्यांत काय होतं, कुणाचा आवाज होता, तो दुसरीकडे कुठे शिल्लक आहे की नाही, याची नोंद कुणी केलेली नसते. या तबकड्या मिळवणं, वाजवणं, त्यांची यादी करणं हे काम नागपूरने सार्वजनिक काम म्हणून अंगावर घ्यावं, असं या लेखाचं म्हणणं आहे. केवळ हौशी संग्राहकांच्या भरवशावर ते सोडून चालणार नाही.

विदर्भाचं तबकडीवर आहे तरी काय? सुरुवात बुलढाणा जिल्ह्यापासून करावी लागते. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांनी ‘शीळ’ लिहिली. खामगावात जन्मलेल्या गोविंद नारायण जोशी यांनी, म्हणजे जी. एन. जोशींनी, तिला चाल लावून ती गायली. दोघंही १९०९ सालचे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्ही कंपनीने ‘शीळ’ तबकडीवर आणली आणि मराठी भावगीताचा प्रवास अनेक जाणकार तिथूनच मोजतात. तोवर तबकडीवरचं मराठी गाणं म्हणजे मुख्यतः नाट्यपद. नटाने ते रंगभूमीवर गाजवायचं आणि मग कंपनीने ते उचलायचं, असा क्रम असे. ‘शीळ’च्या मागे ना नाटक होतं ना नाटक कंपनीचा नट. वऱ्हाडातल्या एका कवीची कविता आणि वऱ्हाडातल्याच एका तरुणाचा गळा एवढ्या भांडवलावर ती तीन मिनिटं घरोघरी पोचली.

जोशी वकिलीच्या वाटेवरचे होते. १९३८ साली ते एचएमव्हीत नोकरीला लागले आणि तीन दशकांहून अधिक काळ देशातल्या बड्या बड्या गायक-वादकांची ध्वनिमुद्रणं त्यांच्या देखरेखीखाली झाली. कलावंताला मायक्रोफोनसमोर बसतं करणं, त्याचा अर्ध्या तासाचा राग साडेतीन मिनिटांत कसा बसवायचा ते त्याच्याशी बोलून ठरवणं, त्याचा मूड सांभाळणं, हे सगळं तबकडीवर कुठेही ऐकू न येणारं काम. १९६७ साली त्यांनी शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार एकत्र आणून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपी काढली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, अहिरभैरवाने सुरू होऊन पहाडीत संपणारा. हिंदुस्थानी संगीत ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं अशा परदेशातल्या हजारो लोकांनी त्या संगीताची पहिली ओळख या तबकडीवरून करून घेतली. तिच्यामागे खामगावचा माणूस होता, हे खामगावच्या शाळेतल्या किती मुलांना ठाऊक आहे? जोशींनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात आपल्या या कारकिर्दीच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. विदर्भातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात ते असायला हवं.

नागपूरचे राजा बढे यांचंही तसंच. १९१२ साली या शहरात जन्मलेल्या या कवीचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ श्रीनिवास खळ्यांच्या चालीत शाहीर साबळे यांनी गायलं. २०२३ साली ते राज्यगीत झालं तेव्हा त्यातली दोनच कडवी निवडली, १ मिनिट ४१ सेकंदांत बसतील अशी. सरकारी कार्यक्रमासाठी हे सोयीचंच आहे. पण आजच्या शाळकरी मुलाच्या कानावर तेवढंच गाणं पडणार असेल, तर शाहिरांच्या खड्या आवाजातलं पूर्ण गाणं जिच्यावर आहे ती जुनी तबकडी जपायला आणखी एक कारण मिळालं. याच बढ्यांनी ‘चांदणे शिंपीत जाशी’ही लिहिलं. अमरावतीत जन्मलेल्या आणि पुढे नागपूरकर झालेल्या सुरेश भटांच्या गझला आणि गीतं मंगेशकर कुटुंबाच्या चालींतून आणि आवाजांतून तबकड्यांवर गेली, ते तर सर्वांना ठाऊक आहे.

आणि वसंतराव देशपांडे. जन्म मूर्तिजापूरचा, १९२० चा. बालपण नागपुरात, गाण्याचे पहिले धडे नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्याकडे. १९३५ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झालेला हा मुलगा पुढे सैन्याच्या हिशेब खात्यात नोकरी करत गात राहिला. १९६७ च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेत नागपुरात वाढलेले वसंतराव, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. ‘कट्यार’ची एलपी कित्येक मराठी घरांत होती आणि अजूनही कुठल्यातरी कपाटात आहे. ज्यांची ‘कट्यार’शी ओळख २०१५ च्या चित्रपटातून झाली, त्यांनी ती एकदा मिळवून ऐकावी. वसंतरावांची तान जिथे जाईल असं वाटतं तिथे जात नाही. ती मध्येच वळते, एखाद्या स्वराला आडवा धक्का देते आणि श्वास घ्यायलाही न थांबता समेवर येऊन उभी राहते. गाण्यात नाटक कसं असतं आणि नाटकात गाणं कसं, ते त्या चाळीसेक मिनिटांत उलगडतं.

इथे कुणी म्हणेल की हे सगळं तर मोबाइलवर आहे. बरंचसं आहे, हे खरं. व्हाइनलचा आवाज ‘ऊबदार’ असतो, डिजिटल आवाज ‘थंड’ असतो, हा दावाही फार ताणू नये. मोजमाप करायचं तर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर साधारण ९६ डेसिबल असू शकतं, एलपीवर त्याहून बरंच कमी. ज्याला एलपीचा आवाज आवडतो त्याने खुशाल ऐकावा, पण तबकड्या जपण्याचं कारण तिथे शोधू नये. कारण दोन आहेत. पहिलं, मोबाइलवर जे येतं ते कंपन्यांना आज विकण्याजोगं वाटतं तेवढंच. एखाद्या भजनी मंडळाची किंवा एक-दोन तबकड्या काढून विस्मरणात गेलेल्या गायिकेची मूळ मुद्रणं कंपनीकडेही उरलेली नसतात. उरलीच असली तर कुणाच्या तरी घरच्या तबकडीवर. दुसरं, तबकडीच्या वेष्टनावर माहिती असते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’वर तबला कुणाचा? माणिकराव पोपटकरांचा. एलपीच्या पाठीवर हे लिहिलेलं आहे. अ‍ॅपवरच्या यादीत मुख्य कलावंतांपुढे साथीदार गळतात, कवी गळतो, कधी संगीतकारही गळतो. हार्मोनियमवर कोण होतं हे ज्या समाजाला सांगता येत नाही, तो समाज आपल्या संगीताचा इतिहास कशावरून लिहिणार?

जे तबकडीवर चढलं नाही त्याचं काय झालं, तेही आठवून पाहावं. फ्रेड गायस्बर्ग हा ध्वनिमुद्रक १९०२ साली कोलकात्याला आला आणि त्याने गौहर जानचा आवाज मुद्रित केला. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. मेणाच्या चकत्या जर्मनीत हॅनोवरला जाऊन तिथे तबकड्या निघत, तिथल्या कामगारांना गाणारीचं नाव कळावं म्हणून ही सोय होती, असं सांगतात. त्याच्या एकच वर्ष आधी, १९०१ साली, मराठी रंगभूमी गाजवणारे भाऊराव कोल्हटकर ऊर्फ भावड्या गेले. भावड्याचा आवाज कसा होता ते आता फक्त वर्णनांत वाचायचं. अल्लादिया खाँ तर १९४६ पर्यंत होते आणि त्यांनी मुद्रण करू दिलं नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मात्र तबकड्या दिल्या, आणि त्यांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवर बसवलेल्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत गेली. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर पोचला आहे. त्यांच्या गुरूंचा आवाज पृथ्वीवरही कुठे नाही.

सगळ्या तबकड्या मोठ्या कंपन्यांच्या नव्हत्या, ही बाब इथे महत्त्वाची ठरते. १९३५ साली मुंबईत ‘यंग इंडिया’ या नावाने देशी तबकड्या निघू लागल्या आणि वीसेक वर्षं निघत राहिल्या. एचएमव्हीच्या दारात ज्यांना उभं केलं नसतं असे कितीतरी हौशी आणि नवखे कलावंत, शिवाय भाषणं, पोवाडे, शाळेसाठीचे पाठ या तबकड्यांवर आले. कारखाना बंद पडल्यावर त्या विखुरल्या. मुंबईचे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या लुप्तप्राय दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून संग्राहकांकडच्या ‘यंग इंडिया’च्या तबकड्या आणि त्यांचे कागद शोधून त्यांचं डिजिटल रूपांतर केलं. संग्राहकांनी कपाटं उघडली म्हणूनच ते होऊ शकलं.

चांदवणकर हे ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या संस्थापकांपैकी. ऑस्ट्रेलियन संशोधक मायकेल किनिअर यांच्यासह त्यांनी १९९० साली मुंबईत ही संस्था उभी केली. सभासद एकत्र जमून तबकड्या ऐकायचे, याद्या करायचे आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या अंकात लेख छापायचे. मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर, नांदेड, तुळजापूर, अमरावती इथेही संस्थेच्या शाखा होत्या. तुळजापूरसारख्या गावात पंधरा-वीस माणसं जमून जुनं गाणं ऐकू शकतात, त्यावर चर्चा करू शकतात, तर पंचवीस लाखांच्या आसपास वस्तीचं नागपूर ते नियमाने नक्कीच करू शकेल.

संग्राहकाचं काम जवळून पाहिलं म्हणजे त्यातली शिस्त कळते. मिनिटाला ७८ फेऱ्यांची एक तबकडी हातात घ्या. ती कडेनेच धरायची, कारण बोटांचा तेलकटपणा खाचांत बसतो. लेबलवर गायकाचं नाव, रागाचं किंवा नाटकाचं नाव आणि एक क्रमांक असतो. पण तबकडी उजेडाकडे तिरपी केली की लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात आणखी एक क्रमांक कोरलेला दिसतो. तो त्या विशिष्ट मुद्रणाचा क्रमांक. एकच गाणं दोनदा मुद्रित झालं असेल, तर लेबलवरचा क्रमांक तोच राहून हा कोरलेला क्रमांक बदलू शकतो. म्हणजे दोन घरांत ‘तीच’ तबकडी असते आणि गाणं मात्र किंचित निराळं. खरा संग्राहक दोन्ही क्रमांक वहीत उतरवतो, तबकडीवरच्या चिरा कुठे आहेत ते लिहितो, मग मऊ ब्रशने धूळ काढतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावत नाहीत. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, आणि तिच्याबरोबर गाणंही. पातळ साबणाचं पाणी, मग डिस्टिल्ड पाणी, आणि लेबल कोरडं राहील याची खबरदारी.

सुईचंही तसंच. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, एलपीची त्याच्या जवळपास एक-तृतीयांश. एलपीची सुई जुन्या तबकडीवर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी लोळत खरखर करते, आणि चावीच्या फोनोची पोलादी पिन एलपीवर टेकवली तर एका फेरीत तबकडी संपते. सध्या बॅगेच्या आकाराचे जे स्वस्त रंगीत प्लेअर मिळतात, त्यांतल्या बऱ्याच प्लेअरांची सुई पाच-सहा ग्रॅमच्या दाबाने बसते. चांगल्या टर्नटेबलवर हाच दाब दीड-दोन ग्रॅम असतो. आजोबांची एकुलती एक एलपी असल्या प्लेअरवर रोज वाजवू नये. नव्या हौशी मंडळींना दुकानदार हे सांगत नाहीत, म्हणून इथे सांगितलं.

नागपुरात तर हवाच तबकडीच्या मुळावर उठलेली आहे. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. व्हाइनल साठ अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतं, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत किंवा टिनाखालच्या माळ्यावर तेवढं तापमान दुपारी सहज होतं. तबकड्या एकावर एक आडव्या रचलेल्या असतील तर खालच्या वाकतात, आणि वाकलेली तबकडी पुन्हा पूर्ण सरळ होणं कठीण. त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, फार घट्ट नाही आणि फार सैलही नाही. दुसरा धोका कूलरचा. मार्चपासून जूनपर्यंत घरोघरी खसच्या टाट्यांतून जी ओलसर हवा येते, ती माणसाला सुखावते आणि एलपीच्या कागदी वेष्टनावर बुरशी आणते. कूलरच्या झोतात ठेवलेला संग्रह पावसाळा संपेपर्यंत काळ्या-करड्या ठिपक्यांनी भरतो. म्हणून तबकड्या घराच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर वर ठेवाव्यात.

तबकडीची बाजू घेताना तिची मर्यादाही मांडायला हवी. ती सगळ्यांची कधीच नव्हती. फोनो आणि तबकड्या घेण्याची ऐपत ठराविक घरांची होती आणि काय मुद्रित करायचं ते कंपनीचे अधिकारी ठरवत. झाडीपट्टीची दंडार, खडी गंमत, गावोगावचे जलसे यांतलं फारच थोडं तबकडीवर आलं. वामनदादा कर्डकांची गाणी तबकडीवरून जितकी पसरली त्याहून कितीतरी जास्त ती गायकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या तोंडून पसरली, आणि १९८० च्या दशकात कॅसेटने त्यांना वाट करून दिली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटी, मग सीडी मांडलेल्या असत. हा नागपूरचा आवाज आहे आणि कॅसेटची फीत तबकडीपेक्षा लवकर खराब होते. म्हणून नागपूरला जर आवाजांचं संग्रहालय करायचं असेल, तर त्यात वसंतरावांच्या एलपीशेजारी भीमगीतांची कॅसेट त्याच मानाने ठेवली गेली पाहिजे. शास्त्रीय आणि नाट्यसंगीतापुरता जपलेला ठेवा अर्ध्या शहराला वगळून केलेला असेल.

कायद्याची अडचण पुढे करून हे काम टाळता येणार नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा कंपनीचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. कवी आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे मोजावे लागतात: राजा बढे १९७७ साली गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. पण ‘संगीत स्वयंवर’ घ्या. नाटक १९१६ चं, लेखक कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. बालगंधर्वांनी गायलेल्या त्यातल्या पदांच्या जुन्या तबकड्या आज कुणीही लोकांना मोकळेपणाने ऐकवू शकतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे मूळ प्रत असेल तर, ती जपण्यासाठी डिजिटल स्वरूपात साठवण्याची मुभा आहे. कायद्याने दार उघडं ठेवलेलं आहे.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने संग्राहकांच्या मदतीने उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या मुद्रणांचं अभिलेखागार उभं केलं. नागपूरकडे त्यासाठी लागणारं सगळं आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे, १९२३ पासून काम करणारा विदर्भ साहित्य संघ आहे, १९४८ सालापासूनचं आकाशवाणी केंद्र आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. कमी आहे ती एका खोलीची आणि एका जबाबदार माणसाची. खोलीत दोन चांगली टर्नटेबलं, त्यांतलं एक ७८ फेऱ्यांचं, योग्य सुया, एक कॅसेट डेक, एक संगणक आणि याद्या करायला संगीत विभागाचे दोन विद्यार्थी. ज्याला तबकड्या कायमच्या द्यायच्या नसतील त्याने त्या आठवडाभरासाठी द्याव्यात, केंद्राने त्या साफ करून, नोंदवून, त्यांची प्रत काढून मालकाला परत कराव्यात. मालकी घरातच राहील आणि आवाज शहराचा होईल.

सांस्कृतिक केंद्र वसंतरावांच्या स्मृतीसाठी दरवर्षी नागपुरात संगीत समारोह करतं. येत्या समारोहापासून त्यातला एक तास तबकड्यांना द्यावा. मंचावर टर्नटेबल, सभागृहात लोक, आणि ज्या घरातून तबकडी आली त्या घराचं नाव निवेदकाच्या तोंडी. एवढ्याने लोक माळ्यावर चढतील. तोपर्यंत वाचकांना विनंती अशी: या दिवाळीच्या साफसफाईत तबकड्यांची पेटी हाती लागली तर ती कबाडीला देऊ नका. तबकड्या उभ्या ठेवा, उन्हापासून आणि कूलरपासून दूर ठेवा, प्रत्येकीचं लेबल आणि त्याभोवतीचा कोरलेला क्रमांक एका वहीत लिहा, आणि ती वही आकाशवाणीत, विद्यापीठाच्या संगीत विभागात किंवा सिव्हिल लाइन्समधल्या सांस्कृतिक केंद्रात नेऊन दाखवा.